तापाआधी डॉक्टर!

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर आठवड्याला एक मेसेज हमखास येतो. ‘एनी गुड पेडिअ‍ॅट्रिशियन निअरबाय? अर्जंट!!’ वेळ साधारण रात्री सव्वाअकराची. त्यावर दहा मिनिटांत चौदा उत्तरं. चौदा उत्तरांत नऊ डॉक्टर. त्यातल्या एकाबद्दल बी विंगच्या काकू लिहितात, ‘देवमाणूस आहे’. त्याच डॉक्टरबद्दल सी विंगमधला कुणीतरी लिहितो, ‘प्लीज अव्हॉइड’. ज्याचं पोर तापलंय तो बिचारा शेवटी गाडी काढतो आणि जिथे लाइट चालू दिसेल तिथे शिरतो.

गंमत बघा. आपली ही पिढी मोबाइल घ्यायचा म्हटला तर तीन आठवडे रिव्ह्यू बघते. फ्लॅट बघायला गेली की कार्पेट एरिया स्वतः टेप लावून मोजते. आणि पोराच्या पहिल्या दोन वर्षांत ज्याच्याकडे आपण सासुरवाडीपेक्षा जास्त वेळा जाणार असतो, तो माणूस ठरतो रात्री सव्वाअकराला, रडारडीत.

बायकोला आठवा महिना लागला तेव्हा मी म्हटलं, चला, पत्रकारितेची डिग्री कुठेतरी वापरू. मी फ्रीलान्सर. म्हणजे घरी असणारा. ती हिंजवडीला, आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात. पोराला डॉक्टरकडे नेण्याचं खातं माझ्याकडे येणार हे उघडच होतं. मग आम्ही बाळाच्या आधी डॉक्टर शोधायला बाहेर पडलो. अमेरिकेत याला प्रीनेटल व्हिजिट म्हणतात, तिथली बालरोगतज्ज्ञांची संघटनाच तशी शिफारस करते. आपल्याकडे रिसेप्शनिस्ट विचारते, ‘पेशंटचं नाव?’ आम्ही बायकोच्या पोटाकडे बोट दाखवतो. रिसेप्शनिस्ट आमच्याकडे असं बघते, जणू आम्ही पत्ता चुकलोय.

चार ठिकाणी गेलो. पहिलं एक चकाचक कॉर्पोरेट हॉस्पिटल. डॉक्टर नावाजलेले, माणूसही हुशार. अ‍ॅपवर अपॉइंटमेंट, भिंतीवर जिराफ, पार्किंगला व्हॅले. पावणेदोन तास थांबल्यावर चार मिनिटं मिळाली. मी विचारलं, ‘रविवारी रात्री काही झालं तर तुम्ही भेटाल?’ ते प्रामाणिकपणे म्हणाले, ‘ड्यूटी डॉक्टर असतात.’ यात त्यांचं काही चुकलं नाही. बाळ अपुऱ्या दिवसांचं असतं, हृदयाचा किंवा कसला गुंतागुंतीचा प्रॉब्लेम असता, तर मी डोळे झाकून तिथेच गेलो असतो. तिथे एनआयसीयू आहे, रात्रभर माणसं आहेत. पण सर्दी, जुलाब, पुरळ, ‘दूध ओकतेय’, ‘दोन दिवस शी केली नाही’ यासाठी बालेवाडीतून तासभर ट्रॅफिक कापून जायचं? पावसाळ्यात? मागच्या सीटवर रडणारं बाळ घेऊन एकदा विद्यापीठ चौकातून जाऊन बघा. घराजवळचा डॉक्टर म्हणजे काय लक्झरी आहे ते कळेल.

दुसऱ्या क्लिनिकमध्ये आम्ही आतपर्यंत गेलोच नाही. वेटिंग रूममध्ये पावडरच्या दुधाच्या ब्रँडचं पोस्टर, टेबलावर त्याच ब्रँडचं कॅलेंडर. गुबगुबीत बाळ हसतंय. बरेच जण हे बघून ‘सो क्यूट’ म्हणतात. मी म्हटलं नाही, कारण एका स्टोरीच्या निमित्ताने मी तो कायदा वाचला होता. १९९२ सालचा इन्फंट मिल्क सब्स्टिट्यूट्स अ‍ॅक्ट, २००३ मध्ये आणखी कडक केलेला. पावडरचं दूध, बाटल्या, बाळांचं डबाबंद खाणं यांची जाहिरात करायला या देशात बंदी आहे. दवाखान्यात पोस्टर लावायलाही. फुकट सँपल वाटायला आणि डॉक्टरांना भेटवस्तू द्यायलाही. कुणाला पावडरचं दूध द्यावं लागतं, कुणाला लागत नाही, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तो सल्ला द्यायचा हक्क डॉक्टरचा. पण भिंत आधीच विकलेली असेल तर सल्ला कुणाचा, हा प्रश्न मला पडतो. तेव्हापासून मी कुठल्याही क्लिनिकमध्ये गेलो की आधी भिंती बघतो. तुम्हीही बघा.

तिसरे डॉक्टर म्हणजे परिसरातली दंतकथा. नंबर लावायला लोक सकाळी साडेसातला येतात. ‘हाताला गुण आहे हो, एका डोसात ताप उतरतो!’ असं मला तिथेच बाकावर बसलेल्या एका आजोबांनी सांगितलं. मी दीड तास बसून नुसतं बघत होतो. (सवय, दुसरं काय?) आत गेलेलं प्रत्येक पोर चार औषधं घेऊन बाहेर येत होतं. सर्दीला अँटिबायोटिक, जुलाबाला अँटिबायोटिक. लहान मुलांच्या बहुतेक सर्द्या व्हायरसच्या असतात आणि व्हायरसवर अँटिबायोटिक काडीचंही काम करत नाही. सर्दी आपोआपच बरी होते, क्रेडिट मात्र लाल बाटलीला जातं.

‘एका डोसात ताप उतरतो’ हे जरा थांबून बघण्यासारखं आहे. आपल्याकडे निमेसुलाइड नावाचं औषध मुलांच्या तापावर वर्षानुवर्षं सर्रास दिलं गेलं. कारण ते झटकन काम करायचं. त्यामुळे यकृताला इजा होण्याची भीती होती, आणि २०११ मध्ये सरकारने १२ वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर बंदी घातली. म्हणजे ज्या गुणाचं कौतुक चाललं होतं, तोच धोक्याच्या औषधाचा होता. ताप किती वेगाने उतरला यावरून डॉक्टर मोजायची आपली सवय जुनी आहे. डॉक्टर मंडळी ते ओळखून आहेत. औषध न लिहिता ‘तीन दिवस वाट बघू’ म्हणणाऱ्या डॉक्टरचा पेशंट दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जातो. मग त्याने तरी काय करावं?

चौथी जागा बायकोला सापडली. घरापासून चालत आठ मिनिटं. खाली डेअरी, शेजारी इस्त्रीवाला. गूगलवर रेटिंग फारसं नाही, कारण गूगलवर लोक पार्किंगला आणि एसीला स्टार देतात आणि इथे दोन्ही नाहीत. पाटीवर नाव, एमबीबीएस, एमडी पेडिअ‍ॅट्रिक्स आणि रजिस्ट्रेशन नंबर. एवढंच. हे ‘एवढंच’ महत्त्वाचं आहे. एमबीबीएसनंतर तीन वर्षांचं एमडी किंवा डीएनबी, नाहीतर दोन वर्षांचा डीसीएच डिप्लोमा, हे केलेली व्यक्ती बालरोगतज्ज्ञ. ‘चाइल्ड स्पेशालिस्ट’ असं रंगवायला पेंटरची हरकत नसते, त्यामुळे नावापुढची अक्षरं वाचायची. शंका आली तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी तपासता येते.

मॅडम पंचेचाळिशीच्या. दाराशीच बेसिन. आत येणाऱ्या प्रत्येकाने हात धुवायचे, डॉक्टरांनीही, प्रत्येक पेशंटच्या आधी. पेशंट अजून जन्मायचा आहे म्हटल्यावर हसल्या आणि म्हणाल्या, ‘बसा. निवांत या वेळीच बोलता येतं.’ वीस मिनिटं बोलल्या. शेवटी मला म्हणाल्या, ‘बाबा आणणार ना बाळाला? मग तुम्ही नीट ऐका.’

हे वाक्य तुम्हाला साधं वाटेल. पण पुढच्या वर्षभरात बाहेर जिथे जिथे ढमीला कडेवर घेऊन मी एकटा गेलो (खरं नाव वेगळं आहे, या कॉलमात ती ढमीच), तिथे पहिला प्रश्न असतो, ‘मम्मी नाही आल्या?’ एका ठिकाणी मी दुधाच्या वेळा सांगतोय आणि समोरचा म्हणतो, ‘नाही, मिसेसना फोन लावा, त्यांना विचारू.’ अहो, मिसेस मीटिंगमध्ये आहेत, वेळा मलाच माहीत आहेत! जो बाळाला सांभाळतो त्याच्याशी बोलणारा डॉक्टर हवा. तो बाबा असेल, आजी असेल, नाहीतर सांभाळणाऱ्या मावशी असतील.

आजीचा मुद्दा तर सगळ्यात नाजूक. ढमी झाली आणि कराडहून माझी आई आली. सोबत सहाण, गुटीची डबी, काजळाची डबी आणि मधाची छोटी बाटली. ‘तुम्हाला सगळ्यांना यावरच वाढवलंय.’ आता काय बोलणार? आमच्या ओळखीत एका घरी याच विषयावर डॉक्टरने सगळ्यांसमोर आजीला झापलं. त्या आजी त्यानंतर दवाखान्यात कधी गेल्या नाहीत. गुटी मात्र चालू राहिली, फक्त चोरून. आम्ही आईला मुद्दाम सोबत नेलं. मॅडमनी सगळ्यात आधी आईलाच विचारलं, ‘आजी, अंघोळ तुम्ही घालता का? बाळाची कातडी किती छान ठेवलीय.’ आई खुलली. मग मॅडम म्हणाल्या, ‘गुटी आपण सहा महिने थांबवू. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको. सहाण कितीही धुतली तरी त्यातून जंतू जातात आणि जुलाब होतात.’ मध वर्षाच्या आत अजिबात नाही, कारण त्यात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाला ते बाधत नाहीत, पण तान्ह्या बाळाला बोट्युलिझम नावाचा भयंकर आजार होऊ शकतो. काजळात शिसं असू शकतं, तेव्हा डोळ्यांत नको. ‘दृष्टीचा टीका तळपायाला लावा, आजी. दृष्ट तिथेही घाबरते.’

आई घरी आल्यावर म्हणाली, ‘बाई हुशार आहे.’ डबी परत पिशवीत गेली. हे काम मी आणि बायकोने मिळून महिनाभरातही केलं नसतं, आणि केलं असतं तर घरात महाभारत झालं असतं.

दर भेटीत मॅडम ढमीचे सगळे कपडे उतरवून वजन करतात, लांबी मोजतात, डोक्याला टेप लावतात आणि तक्त्यावर टिंब काढतात. सुरुवातीला मला वाटलं, ही काय शाळेची प्रगतीपुस्तकं! पण सगळं शहाणपण त्या टिंबांत आहे. तक्ता जागतिक आरोग्य संघटनेचा, २००६ सालचा. सहा देशांतल्या मुलांची मापं घेऊन केलेला, त्यात दिल्लीची मुलंही होती. साधारण पाच महिन्यांत वजन जन्माच्या दुप्पट, वर्षाला तिप्पट, हा ढोबळ हिशेब. शेजारच्या गुटगुटीत अर्णवकडे बघून ‘आमची बारीकच आहे’ म्हणणाऱ्या समस्त मावश्यांना मी आता तो तक्ता दाखवतो. रेष आपल्या वळणाने वर चाललीय ना? मग विषय संपला. ती आडवी झाली किंवा खाली वळली तर डॉक्टर बोलतील. ज्या क्लिनिकमध्ये वजनकाटा कोपऱ्यात धूळ खातोय, तिथे बाकी कितीही जिराफ असोत.

औषधाचं म्हणाल तर पहिल्या चार महिन्यांत आम्हाला मॅडमकडून लसी आणि व्हिटॅमिन डीचे थेंब सोडले तर काहीही मिळालं नाही. मिळाला तो एक कागद. हाताने लिहिलेला, झेरॉक्स केलेला. त्यावर तीन भाग: कधी घरीच थांबायचं, कधी फोन करायचा आणि कधी फोनही न करता सरळ हॉस्पिटल गाठायचं. तीन महिन्यांच्या आत ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर रात्र असो, दिवाळी असो, दाखवायचंच. दूध पित नाही, उठवूनही नीट जागं होत नाही, झटका आला, ओठ निळसर दिसले, सहा-आठ तास शू नाही, तर तडक निघायचं. १०२ ताप आहे पण पोर खेळतंय, पितंय? (तीन महिन्यांपेक्षा मोठं असेल तर हं.) मग पॅरासिटामॉल, पाणी-दूध आणि धीर.

आणि एक होतं श्वास मोजण्याचं. पोर शांत असताना शर्ट वर करायचा, पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजायचं. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास वेगाने चालतोय. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल तर मोजत बसायचंही नाही. मॅडमनी मला ढमीवर तिथेच मोजायला लावलं. ती झोपली होती. ३८ भरले. ‘बघा, हा तुमच्या मुलीचा नॉर्मल. लक्षात ठेवा.’ मी फोनमध्ये लिहून ठेवलं. ढमी तेव्हा पाच महिन्यांची होती, ठणठणीत.

ढमी आठ महिन्यांची असताना, पावसाळ्याच्या शेवटाला, तिला सर्दी झाली. दोन दिवस नेहमीचं शेंबूड-प्रकरण. तिसऱ्या रात्री बायको टूरवर बेंगळुरूला, आई कराडला. ताप फक्त १००. म्हणजे थर्मामीटरच्या हिशेबाने काही खास नाही. पण बाटली दोन घोटांत सोडत होती. खोकला बदलला होता. रात्री एक वाजता मी दिवा लावला, शर्ट वर केला आणि मोबाइलचं घड्याळ चालू केलं. ५८. परत मोजले. ६०. बरगड्यांखाली दर श्वासाला कातडी आत ओढली जात होती.

मी फोन केला तो रिक्षात बसल्यावर. मॅडमनी तिसऱ्या रिंगला उचलला. श्वासाचा आकडा सांगितला, खळगा सांगितला, तीन तासांत किती प्यायली ते सांगितलं. त्यांनी एकही फालतू प्रश्न विचारला नाही. कुठल्या हॉस्पिटलला न्यायचं ते आधीच ठरलेलं होतं, ज्या ठिकाणी त्या जातात ते. आम्ही पोचेपर्यंत त्यांचा तिथे फोन गेला होता. बोटाला क्लिप लावली तर ऑक्सिजन ८९. ब्राँकिओलायटिस. छातीतल्या बारीक नळ्यांना व्हायरसने येणारी सूज, दोन वर्षांच्या आतल्या मुलांचा आजार. दोन रात्री ऑक्सिजन, नाक साफ करणं, थोडं थोडं दूध नळीने. आणि अँटिबायोटिक? नाही. माझ्याच्याने राहवलं नाही, मी विचारलंच, ‘मॅडम, काहीतरी स्ट्राँग देऊया ना?’ मुलगी ऑक्सिजनवर असताना कुठल्याही बापाने हेच विचारलं असतं. त्या सकाळी सातला राउंडला आल्या होत्या, केस ओले. म्हणाल्या, ‘स्ट्राँग गोष्ट तिला मिळतेय. ऑक्सिजन. हा व्हायरस आहे, याला मारायचं औषध नाही. आपण फक्त तिला श्वास घ्यायला आणि प्यायला मदत करायची, लढाई ती लढतेय. न्यूमोनियाची चिन्हं दिसली तर मी एक तासही थांबणार नाही.’ तिसऱ्या दिवशी ढमीने माझा चष्मा ओढला. मला तेवढं पुरलं.

बायको पहिल्या फ्लाइटने आली होती. तिने नंतर मला विचारलं, ‘तुला कसं कळलं रे, ताप तर काहीच नव्हता?’ मी फोनमधला तो आकडा दाखवला. ३८.

म्हणून म्हणतो, बाळ धड असताना जा. डॉक्टर निवांत असतो, तुम्ही शुद्धीवर असता, आणि सांगितलेलं डोक्यात शिरतं.

आता जरा खर्चाचं. लसीकरणाच्या बाबतीत आपल्या मंडळींचा एक गैरसमज आहे की फुकट म्हणजे हलकं. महापालिकेच्या दवाखान्यात बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटिस बी, सहा-दहा-चौदा आठवड्यांची पेंटाव्हॅलंट, रोटाव्हायरस, न्यूमोकोकल, नवव्या महिन्यात गोवर-रुबेला, हे सगळं मोफत मिळतं. न्यूमोकोकलची लस खासगीत डोसामागे काही हजारांना पडते, ती २०२१ पासून देशभर सरकारी यादीत आहे. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सच्या यादीत यापलीकडे फ्लू, टायफॉइड, कांजिण्या, हिपॅटायटिस ए, गालगुंडाचं संरक्षण देणारी एमएमआर वगैरे आहेत, त्या बहुतेक खासगीतच घ्याव्या लागतात. आणि ती सुप्रसिद्ध ‘पेनलेस’! टोचताना ती दुखते तेवढीच दुखते. तिच्यात डांग्या खोकल्याच्या जंतूचे फक्त काही भाग असतात, त्यामुळे नंतर ताप आणि सूज कमी येते. साध्या लसीने ताप येतो, पण तिचं संरक्षण जास्त टिकतं असं मानतात. मॅडमनी हे सगळं कागदावर मांडून दाखवलं, किमतींसकट, आणि म्हणाल्या, ‘सरकारी लसी तिकडे घेतल्या तरी मला राग येणार नाही, कार्ड फक्त दाखवा.’ आम्ही अर्ध्या तिकडे घेतल्या, अर्ध्या इकडे. स्वतःचं गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवणारा दुकानदार तुम्ही कधी पाहिलाय? मला त्याच दिवशी त्या बाईंबद्दल खात्री पटली.

प्रिस्क्रिप्शनचंही तसंच. पॅरासिटामॉल लिहिताना त्या आधी वजन लिहितात, मग औषधाची ताकद, मग मिली. ‘एक चमचा’ कधीच नाही. कारण पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत दर मिलीला १०० मिलिग्रॅम औषध असतं आणि साध्या सिरपच्या पाच मिलीत १२० किंवा १२५. आठ किलोच्या बाळाला थेंबांचे सव्वा मिलीच्या आसपास पुरतात. त्याच बाटलीतून कुणी चमचाभर पाजलं तर चौपट डोस. बाटल्या दिसायला जुळ्या, दोन्हींवर स्ट्रॉबेरी. मध्यरात्री, चष्मा न लावता, आजी किंवा बाबा... विचार करा. तुमचा डॉक्टर मिलीत लिहून देत नसेल तर तिथेच मागून घ्या.

खोकल्याच्या सिरपचं तर आता सांगायलाही नको. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात साध्या सर्दी-खोकल्याला दिलेल्या सिरपमुळे लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली, मुलं गेली. त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. केंद्राने त्यानंतर डॉक्टरांना पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहू नयेत, आणि पाच वर्षांखालीही सहसा नाहीच. विषाचं जाऊ द्या, चांगल्या सिरपनेही एवढ्या लहान मुलांचा खोकला फारसा कमी होत नाही. गेल्या महिन्यात मी मेडिकलमध्ये उभा असताना एका बाईंनी ‘दीड वर्षाच्या मुलाला खोकला आहे, काहीतरी द्या’ म्हटलं आणि दुकानदाराने मागे न वळता बाटली काढली.

त्याच ऑक्टोबरात एक चांगलीही बातमी आली होती. दुकानात ओआरएस म्हणून विकल्या जाणाऱ्या गोड पेयांच्या नावातून तो शब्द काढायला एफएसएसएआयने लावला. जुलाबात पोराला तसलं जास्त साखरेचं पाणी पाजलं तर जुलाब आणखी वाढू शकतात. खरं ओआरएस डब्ल्यूएचओच्या प्रमाणातलं, पाकिटावर तसं छापलेलं. यामागे हैदराबादच्या एक बालरोगतज्ज्ञ आहेत, डॉ. शिवरंजनी संतोष. आठेक वर्षं कोर्टापर्यंत भांडल्या. बातमी आली त्या दिवशी आमच्या मॅडमनी क्लिनिकच्या दारावर दोन पाकिटं चिकटवली, खरं आणि खोटं, शेजारी शेजारी. भिंतीचा असाही उपयोग असतो!

शेवटचं, व्यवहाराचं. डॉक्टर बदलावासा वाटला तर बदला. दोन भेटींत प्रश्न विचारायची भीती वाटली, तेवढं कारण बास आहे. सॉरी म्हणायची गरज नाही, भांडायचीही नाही. मात्र फाइल तुमच्याकडे हवी: वाढीचा तक्ता, लसींचं कार्ड, डिस्चार्ज समरी, कशाची अ‍ॅलर्जी आली असेल तर त्याची नोंद. सगळ्याचे फोटो काढून आई-बाबा दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा, आणि आजीच्याही. मूळ लसीचं कार्ड लॅमिनेट करू नका. पुढच्या तारखा त्यावरच लिहायच्या असतात.